थाळ्यावरची जागा

साहेब उकिडवा बसला होता. जहूरनं ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा टाइपरायटरचं झाकण त्याच्या हातातच राहिलं. ऑफिसच्या खिडकीतून समोर अर्धवट उभं राहिलेलं बॉयलरघर दिसायचं. त्याच्या भिंतीलगत जी काय थोडी सावली उरली होती तिच्यात, बुडाखाली साधं फळकूटही न घेता, टाचा जमिनीला घट्ट टेकवून एक गोरा माणूस चहा पीत होता. तोही बशीत ओतून, फुंकर घालून, भुरके मारत. डोक्यावर लोकरीची चपटी टोपी, आणि तीही दोहाच्या जून महिन्यात, जेव्हा पत्र्याला हात लागला तर कातडी सोलून निघते. जहूरला आधी त्या माणसाचीच लाज वाटली. कुणीतरी जाऊन सांगायला हवं होतं त्याला, की बाबा रे, लोक बघताहेत, तू साहेब आहेस, ऊठ. साहेब म्हणजे खुर्ची, हे जहूरच्या डोक्यात दापोलीच्या हायस्कुलापासून पक्कं बसलेलं होतं. खुर्चीवर बसत नाही तो साहेब कसला? आणि मग त्या गोऱ्याच्या शेजारी, गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ, तसाच उकिडवा बसलेला दुसरा माणूस त्याला दिसला. तो कासम होता. मान मागे टाकून कासम हसत होता, आणि हसता हसता त्यानं आपल्या बशीतला उरलेला चहा त्या गोऱ्याच्या बशीत ओतला. पोटात दुखणं ही नुसती बोलायची रीत आहे असं जहूर इतकी वर्षं समजत होता. पण खरंच दुखलं, बेंबीच्या जरा वर, आणि दुपारचा डबा त्यानं तसाच परत नेला.

कासम त्याचा दूधभाऊ. दाभोळला खाडीकाठी त्यांची घरं कुंपणाला कुंपण लावून होती. कासमची आई बाळंतपणातच गेली आणि जहूरच्या अम्मानं ते लाल पोर उचलून आपल्या अंगावर घेतलं. जहूर तेव्हा दीड वर्षाचा, अजून पीतच होता. दोघांना पुरेना म्हणून अम्मानं त्याचं दूध तोडलं, कोरफडीचा गर लावून. कासमला घ्यायची वेळ झाली की ती तो गर पुसून टाकायची. ही गोष्ट अम्मा ईदेला आलेल्या पाहुण्यांना दरवर्षी सांगायची. जहूर कसा थू थू करत रडायचा आणि कासम्या कसा डोळे मिटून ओढायचा, याची नक्कलसुद्धा करायची. पाहुणे हसायचे, कासम हसायचा, जहूरही हसायचा. त्याला त्यातलं काही आठवत नव्हतं. पण चव ठाऊक होती. आठवण नसताना चव कशी राहते कोण जाणे, पण कासमचं कुणी कौतुक केलं, कासम दुसऱ्या कुणाबरोबर खाडीवर गेला, की ती जिभेच्या मुळाशी यायची. एका अंगावर प्यालेले म्हणजे सख्खे भाऊ, दीन तसं सांगतो, आणि गावही तसंच मानायचं. जहूरनं मात्र त्यात आपल्यापुरती एक पुरवणी जोडली होती: मी माझ्या तोंडचं दिलं, तेव्हा हा माझा. हे तो कधी कुणाला बोलला नाही. कासमला तर नाहीच नाही. पण कासमचे निबंध त्यानंच लिहिले, कासमसाठी मास्तरांचा मार त्यानं खाल्ला, आणि माझगावच्या गोदीत वेल्डिंग शिकून कासम रिकामा बसला तेव्हा कंपनीतल्या पेल्हॅमसाहेबांच्या कानावर घालून, सुट्टीवरून परतताना त्याला सोबत इथं कतारला आणलंही जहूरनंच.

इथं आल्यावर तर सोन्याहून पिवळं झालं. कासमला इंग्रजी येत नव्हतं. फोरमनपाशी, डॉक्टरपाशी, टपालाच्या खिडकीपाशी जहूर पुढं उभा राहायचा आणि कासम त्याच्या खांद्यामागे, मान जराशी वाकवून. “सांग त्याला,” कासम म्हणायचा. एवढंच. “सांग त्याला, हात भाजलाय.” “सांग त्याला, दोन महिन्यांनी सुट्टी पायजे.” जहूर सांगायचा, आणि जरा जास्तच नेटकं सांगायचा. माणसाच्या आयुष्यात कुठल्या दोन शब्दांचं सुख असेल ते सांगता येत नाही. जहूरचं या दोन शब्दांत होतं.

कंपनी समुद्राचं पाणी उकळून गोडं करायचा कारखाना बांधत होती. त्यासाठी विलायतेहून जहाजानं जशी यंत्रं येत होती तशी माणसंही येत होती. नळ जोडणारी, पत्रा ठोकणारी, बॉयलर बसवणारी. जहूरला वाटलं होतं, विलायतेहून येतो तो साहेबच. साहेब म्हणजे त्याच्या लेखी मिस्टर पेल्हॅम: उंच, सडपातळ, तोंडात पाइप, आणि बोलणं असं की प्रत्येक शब्द वेगळा उचलून ठेवावा. पेल्हॅमसाहेबांचं इंग्रजी ऐकताना जहूरला आपण मॅट्रिक झाल्याचं सार्थक वाटायचं. हे नवे गोरे बोलायला लागले की मात्र तोंडात सुपारी धरल्यासारखे आवाज यायचे, आणि त्यांच्या मानेवर उन्हानं लाल चट्टे उठलेले असायचे, दंडावर नांगर गोंदलेले. एकदा अकराच्या चहाला पेल्हॅमसाहेबांनी दुसऱ्या दोन साहेबांसमोर त्या लोकरी टोपीवाल्या बर्ट हॉजसनची नक्कल केली, पाय फाकवून, खांदे पाडून, टोपी कपाळावर ओढल्यासारखी करून. “उत्तरेकडच्या गोद्यांमधली जात आहे ही,” ते म्हणाले. “बिअर, कबुतरं आणि फुटबॉल एवढं मिळालं की झालं. सरकारनं त्यांना न्हाणीघरं बांधून दिली, तर त्यांनी टबात कोळसा भरून ठेवला.” साहेब लोक हसले. टाइपरायटरवर वाकलेला जहूरही हसला, किंचित उशिरा आणि किंचित हळू. पेल्हॅमसाहेबांनी ते पाहिलं आणि त्याच्याकडे बघून एक डोळा मिटला. तो मिटलेला डोळा जहूरनं घरी नेला, रात्री उशाशी घेऊन निजला. विलायतेतही जाती असतात याचं त्याला आधी नवल वाटलं आणि मग बरं वाटलं. गोऱ्यांमध्येही कुणी खाली असेल तर जिन्यावर आपलीही कुठंतरी एक पायरी असणार, हॉजसनच्या वर, पेल्हॅमच्या बरीच खाली, पण आहे. इब्राहीमचाचाला त्यानं हे सांगितलं तेव्हा तांदूळ निवडता निवडता चाचा म्हणाला, “कुठं बी जा बाबा, पळसाला पानं तीनच.” इब्राहीमचाचा कंपनीची लॉरी चालवायचा आणि शुक्रवारी तिघांसाठी रांधायचा. सूक वाकिफ बाजाराच्या मागच्या गल्लीत मातीच्या भिंतींचं एक भाड्याचं घर, तिघांचं मिळून.

त्या उकिडव्या दुपारनंतरच्या शुक्रवारी पेल्हॅमसाहेबांनी सुट्टी असूनही थोडं टाइपिंग काढलं, म्हणून जहूरला घरी यायला उशीर झाला. दारात पुढं लोखंड बसवलेले अगडबंब बूट होते. आत दस्तरखान पसरलेलं, मध्ये थाळा, थाळ्यात भाताचा डोंगर आणि हमूर माशाचं कालवण, आणि खिडकीकडच्या बाजूला, भिंतीला पाठ लावून, बर्ट हॉजसन. थाळ्याला कोपरे नसतात, तरी ज्याची त्याची बाजू असते. ती बाजू जहूरची होती. घर घेतलं त्या दिवसापासून होती. वारा तिथं यायचा, आणि समोर कासम.

“ये रे, ये,” कासम म्हणाला. “बर्टभाय आलाय. बस तिकडं, चाचाच्या बाजूला.”

“हा कसा आला?”

“कसा म्हंजे? चालत.”

चाचा फिस्सकन हसला. बर्ट अर्धवट उठला, हात पुढं केला, हाताला भात चिकटलाय हे बघून स्वतःच हसला आणि काहीतरी बोलला. एक अक्षर जहूरला कळलं नाही. आपलं सगळं बळ एकवटून, अगदी पेल्हॅमसाहेबांसारखं, त्यानं विचारलं, “आय बेग युअर पार्डन?” बर्ट तेच पुन्हा जरा मोठ्यानं बोलला. तरीही नाही कळलं. जहूरच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

“तुला बस म्हणतोय,” कासम म्हणाला.

“तुला काय कळलं त्याचं?”

“कळलं काय नाय. पण जेवताना माणूस दुसरं काय म्हणणार?”

जहूर चाचाच्या बाजूला बसला. तिथं चुलीची धग लागायची. समोर बर्ट भात कालवत होता, वाईट कालवत होता, बोटांच्या फटींतून सांडत होता, आणि कासम त्याचं मनगट धरून त्याला अंगठ्यानं घास पुढं कसा ढकलायचा ते दाखवत होता. लहानपणी अम्मानं कासमला तसंच दाखवलं होतं. मग बर्टच्या दातात काटा अडकला. त्यानं शांतपणे आपले वरचे दात काढले, खालचे काढले, रुमालानं पुसून खिशात टाकले आणि गालफडं आत गेलेल्या तोंडानं पुन्हा खायला लागला. चाचानं तर तोंडात बोट घातलं. माणूस पस्तिशीचा, नि तोंड नव्वदीच्या म्हाताऱ्याचं! चाचानं हातांनी विचारलं, बर्टनं हातांनी आणि तोंडानं सांगितलं, आणि यातलं जहूरला फार कष्टानं कळलं ते असं, की एकविसाव्या वाढदिवसाला बापानं त्याचे सगळे दात काढवून ही कवळी भेट दिली होती. त्यांच्याकडे असंच करतात, म्हणजे पुढं दातांचा खर्च नको. जहूरनं हे मराठीत सांगायला तोंड उघडलं, तर कासम म्हणाला, “राहू दे रे, कळलं.” आणि त्याला कळलं होतंच असंही नाही. बर्टच्या खिशावर टिचकी मारून तो म्हणाला, “गुड. जेवताना काढून ठेवायचे. व्हेरी गुड.” दोघंही हसले. जहूरला वाटलं, पेल्हॅमसाहेब म्हणतात ते खोटं नाही, रानटीच आहेत ही माणसं. आणि त्याच वेळी त्याला वाटलं, आपलेही दात असे काढता आले असते तर. कासम आपल्याला बघून असं शेवटचं कधी हसला होता ते त्याला आठवेना.

मग दर शुक्रवारी बर्ट यायला लागला. धक्क्यावर गळ टाकून पकडलेले मासे तो ओल्या गोणपाटात गुंडाळून आणायचा, खवलं स्वतः काढायचा, भांडी स्वतः घासायचा. चाचा त्याच्यावर बेहद्द खूश. एकदा चाचाच्या लॉरीतून सगळे उम्म सलाल मोहम्मदला खजुरीच्या बागेत गेले. तिथं बर्ट आणि कासम विहिरीच्या काठावर बसून कबुतरांना शीळ घालत होते. एकानं एक शीळ घालायची, दुसऱ्यानं दुसरी, दोन मुलखांच्या दोन शिळा. जहूर झाडाखाली स्वच्छ रुमाल अंथरून बसला होता. कासमनं त्याला हाक मारली. “ये ना रे! तुला येते ना शीळ!” येत होती. कासमला शीळ घालायला शिकवलीच होती त्यानं. “कपडे खराब होतील,” जहूर म्हणाला. हे बोलल्यावर त्याला स्वतःच्या तोंडात मारून घ्यावंसं वाटलं, पण बोलून तर झालं होतं. परत येताना बर्टची ती लोकरी टोपी कासमच्या डोक्यावर होती.

मत्सर माणसाला फार कामाला लावतो. ऑफिसात एकटा असताना जहूरनं एकदा चहा बशीत ओतून पाहिला. ही सवय त्यानं नोकरी लागल्यावर मोठ्या प्रयासानं मोडली होती; कपाच्या कानात बोट न अडकवता, करंगळी न उचलता कसं प्यायचं ते पेल्हॅमसाहेबांकडे चोरून बघून शिकला होता. आता बशी ओठाला लावताच जीभ पोळली आणि थेंब शर्टावर पडला. गोऱ्या माणसाला शोभतं ते आपल्याला शोभत नाही, आणि आपल्याला जन्मतः येत होतं ते आता त्याला जास्त चांगलं येतं. हा कुठला न्याय? रात्री कासम पलीकडच्या खाटेवर घोरायचा, त्याच्या अंगाला लोखंड जळल्याचा वास यायचा, आणि तोच वास बर्टच्या अंगाला येतो हे जहूरच्या ध्यानात आलं होतं. आपल्या अंगाला कसला वास येतो? कार्बन कागदाचा. दोन माणसं दिवसभर एकाच पाइपाच्या दोन टोकांना बसतात, एक धरतो, एक जोडतो, ठिणग्या दोघांच्या अंगावर उडतात. त्यात बोलायला लागतं कुठं? जिथं बोलायला लागत नाही तिथं दुभाष्या काय करणार? हे त्याला सगळं कळत होतं. कळल्यानं पोटातलं दुखणं कमी होत नाही एवढंच.

शेवटी त्यानं ठरवलं, या माणसाला एकदा कासमसमोर उघडा पाडायचा. शुक्रवारी जेवणं झाली, चाचा सुपारी कातरत होता. जहूरनं घसा साफ केला आणि आधी इंग्रजीत, मग मराठीत, हसत हसत, जणू बड्या लोकांतला एक विनोद सांगतोय अशा थाटात विचारलं, की मिस्टर हॉजसन, तुमच्याकडे लोक न्हाणीच्या टबात कोळसा ठेवतात म्हणतात, ते खरं का?

बर्ट हसला नाही. रागावलाही नाही. जहूरसाठी, केवळ त्याच्यासाठी, तो पहिल्यांदाच सावकाश, शब्द सुटे करत बोलला, आणि त्या दिवशी त्याचं सगळं बोलणं जहूरच्या तोंडून सगळ्यांना कळलं. टब कुठून असणार? घरात न्हाणीच नव्हती. मागच्या अंगणात भिंतीला खिळ्यावर एक जस्ताचं घंगाळ टांगलेलं असायचं. शनिवारी ते चुलीपुढं आणायचं. आधी बाप आंघोळ करायचा, मग थोरला भाऊ, मग बर्ट, मग धाकटे, त्याच पाण्यात. आणि सगळ्यात शेवटी आई. तोवर ते पाणी काळं झालेलं असायचं. “मी बापाला सांगायचो, आज आईला आधी घेऊ दे,” बर्ट म्हणाला. “बाप म्हणायचा, ती कुठं बाहेर जाते?” एवढं सांगून त्यानं खिशातून कवळी काढली, पुसली, पण तोंडात घातली नाही, नुसती हातात धरून बसला.

“आपल्याकडं तरी काय,” चाचा हळूच म्हणाला. “बायका शेवटीच जेवतात.”

कासम उठला, बर्टच्या मागे गेला आणि त्याच्या लाल, सोललेल्या मानेवर त्यानं नुसता हात ठेवला. बिनआईचा कासम. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते कुणासाठी हे जहूरला विचारता येईना, कारण ते काढलं होतं त्यानंच. असं असतं. फास टाकायला जावं आणि गाठ भलतीच पक्की व्हावी.

त्यानंतर थोड्याच दिवसांत उम्म सईदची बातमी आली. तिकडे बंदरावर टाक्यांचं काम निघालं होतं, बर्टची तुकडी जाणार होती आणि त्यानं वेल्डर म्हणून कासमचं नाव दिलं होतं. वर्ष दीड वर्षाचं काम, राहणं तिकडेच बराकीत. कासमनं हे भांडी आवरताना सांगितलं, पाठ फिरवून.

“मग? काय ठरवलंस?” जहूरनं विचारलं.

“अजून नाय. पगार जास्ती हाय. पण तू इथं एकटा पडशील. अम्मा काय म्हणंल?”

इथं खरं तर बोलायचं होतं. जाऊ नकोस, दोनच शब्द. पण कासमचं ते ‘तू एकटा पडशील’ जहूरला भीक वाटली, आणि तो म्हणाला, “माझं काय? मला ऑफिस आहे.” आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, पेल्हॅमसाहेबांचा कप त्यांच्यासमोर ठेवता ठेवता, सहज बोलल्यासारखं त्यानं सांगितलं, की सर, मिस्टर हॉजसन दर शुक्रवारी आमच्या वस्तीत जेवायला येतात, जमिनीवर बसतात, हातानं जेवतात, कंपनीच्या इभ्रतीच्या दृष्टीनं आपल्या कानावर असावं. कंपनीचा तसा नियम होता. गोऱ्यांनी गोऱ्यांच्या मेसमध्ये, कारकुनांनी आपल्या, मजुरांनी आपल्या. जहूरचा हिशेब असा होता, की बर्टला ताकीद मिळेल, येणं बंद होईल, आणि मन उतरलेला कासम उम्म सईदला जाणारच नाही.

पेल्हॅमसाहेब खुर्चीत मागे रेलून मनापासून हसले. “हॉजसन ना? साहजिकच आहे,” ते म्हणाले. “बिचाऱ्याला तिथंच घरच्यासारखं वाटत असणार. आपल्या बरोबरीची माणसं सापडली त्याला.” मग पाइप झटकत, “पण नियम तो नियम. मी बघतो. थँक यू, जहूर.” डोळा वगैरे काही मिटला नाही. जहूर टाइपरायटरपाशी येऊन बसला. तोंडावरचं हसू तसंच राहिलं होतं, ते उतरवायला त्याला बराच वेळ लागला. त्या माणसाला दात काढून, मांडी घालून जिथं घरच्यासारखं वाटावं ते घर म्हणजे त्याचं, जहूरचं. जिन्यावरच्या पायऱ्या त्यानं एकट्यानंच मोजल्या होत्या. वरून बघणाऱ्याला खाली एकच अंगण दिसत होतं, आणि त्यात बर्ट, कासम, चाचा आणि इस्त्रीच्या शर्टातला जहूर, सगळे एकत्र. मग त्यातून बर्टलाच तेवढं बाहेर काढायला आपण का गेलो?

पुढच्या शुक्रवारी दारात बूट नव्हते. जुम्म्याची नमाज पढून जहूर घरी आला तेव्हा चाचानं अजून चूल पेटवली नव्हती. कासम पत्र्याच्या ट्रंकेत कपडे भरत होता. बिस्तरा गुंडाळून दाराशी ठेवलेला.

“निघालास?”

“बर्टभाय पिकअप घेऊन येतोय. नाक्यावर. घरात यायची मनाई झालीय त्याला.” कासमनं ट्रंक बंद केली, पण कडी लावली नाही. तिच्यावरच बसला. “साहेबानं बोलावून झापलं. नाव नाय घेतलं कुणाचं. पण कारकुनानं सांगितलं म्हणाला. आता आपल्या घरात कारकून किती, जहूर?”

जहूरनं खिशाचं फाउंटनपेन चाचपलं.

“मना वाटलं तो भडकंल. भडकला नाय रे. त्याचं बोलणं आता कळतं मना थोडं. म्हणाला, तुझा भाऊ शिकलेला माणूस, त्याच्या घरात मी दात काढून बसलो, त्याला कसंतरी वाटलं असंल. माझंच चुकलं म्हणाला. तुझी माफी मागायला सांगितलीय.” कासम आपल्या हातांकडे बघत होता. तळव्यांवर ठिणग्यांचे काळे ठिपके होते. “आता तू सांग. इंग्रजीत नको, आपल्या बोलीत सांग. तुला आमची लाज वाटते? त्याची, माझी, ह्या हातांची? तसं असंल तर मी जातो, खलास. आणि दुसरं काय असंल तर ते सांग. काय बी असू दे. तू सांग, मी ही ट्रंक आत्ता उलटी करतो.”

सगळं जिभेवर तयार होतं. त्याच्या बशीत तू चहा ओतलास तेव्हा माझा जीव गेला. तू माझा आहेस. मला तुझ्यावाचून इथं कुणी नाही आणि तुला मी लागेनासा झालोय, ते मला सोसत नाही. एवढंच म्हणायचं होतं. यातलं पहिलं वाक्य जरी निघालं असतं तरी कासम ट्रंकेवरून उठला असता. कासम तसाच होता. पण तेहतीस वर्षांचा माणूस, खिशाला फाउंटनपेन, दाभोळच्या मोहल्ल्यात ज्याला लोक सल्ला विचारतात तो, त्यानं भर दुपारी म्हणायचं की मला मत्सर वाटला, एका नळ जोडणाऱ्याचा? गर्विष्ठ माणसाला लोक वचकून असतात. मत्सरी माणसाला सगळे हसतात, त्याची नक्कल करून पाहुण्यांना दाखवतात. दोन्हींतली कमी लाजिरवाणी गोष्ट कुठली, एवढाच प्रश्न उरला होता, आणि त्याचं उत्तर त्याच्या तोंडून निघूनही गेलं.

“हो,” जहूर म्हणाला. “वाटते.”

कासमनं त्याच्याकडे वर पाहिलं. मग सावकाश मान हलवली. त्याला हे उत्तर नको होतं, पण असेल असं वाटलं होतं.

“बरं,” तो म्हणाला. “मग काय इलाज नाय.” आणि ट्रंकेची कडी लावली.

नाक्यावर हॉर्न वाजला. कासमनं ट्रंकेचं एक टोक उचललं, आणि जहूरनं, हात रिकामे होते म्हणून, दुसरं. दाभोळच्या धक्क्यावर, मुंबईच्या गोदीत, दोहाच्या किनाऱ्यावर त्यांनी ती अशीच उचलली होती, म्हणून चालताना पावलं आपोआप जुळली. गल्लीत ऊन रणरणत होतं. चाचा बिस्तरा घेऊन मागून येत होता आणि नाक ओढत होता. पिकअपच्या मागे ट्रंक चढवली. कासम चाचाला मिठी मारून भेटला, जहूरला सलाम केला आणि पुढच्या सीटवर जाऊन बसला, सरळ समोर बघत.

बर्ट गाडीतून उतरला. तो जहूरसमोर आला, टोपी काढून त्यानं छातीशी धरली, आणि आपलं ते गिळलेलं बोलणं नाही, तर एकेक शब्द नीट सुटा करून, धाकट्या माणसानं थोरल्याशी बोलावं तसं म्हणाला, “तुम्हाला तसदी झाली, माफ करा, सर. मी त्याची काळजी घेईन, सर.”

गोऱ्या माणसाच्या तोंडून हा शब्द जहूरनं आयुष्यात पहिल्यांदा ऐकला, आणि हा कुणाशी बोलतोय ते बघायला त्यानं मागे वळून पाहिलं.